डेटा रिकव्हरी (बिघडलेल्या बॅकअप डिस्कवरील)

बिघडलेल्या किंवा संगणकाने ओळखेनाशा झालेल्या डिस्कवरील फायली परत मिळवण्याच्या कामाला डेटा रिकव्हरी म्हणतात. बॅकअप म्हणजे खरे तर दुसरी प्रत; पण जागा करण्यासाठी संगणकावरील मूळ फाईल पुसली गेली, की बॅकअप डिस्कवर उरते ती एकमेव प्रत असते आणि रिकव्हरीची वेळ बहुधा अशाच डिस्कवर येते. पुण्यात ती घेऊन लोक सहसा टिळक रस्त्यावरील संगणकाच्या दुकानांकडे वळतात. मात्र त्याआधी घरी किंवा कचेरीत तिच्यावर काय प्रयोग झाले, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला साधारणतः 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि माहिती वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. हेड निकामी झाले, तर ते जागा शोधत पुन्हापुन्हा फिरते आणि टकटक आवाज येऊ लागतो. असा आवाज आल्यास डिस्कची वीज तत्काळ काढावी, कारण हेड घासून तबकडीवरचा चुंबकीय लेप खरवडला गेला, तर तेथील माहिती कोणत्याही उपायाने परत येत नाही. हेड बदलण्याचे काम धूलिमुक्त कक्षातच करावे लागते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय आत दव साचवून नुकसान वाढवतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचे पाणी घराघरांत शिरले, तशा पुरात भिजलेली डिस्कही सुरू करून पाहू नये.

डिस्क फिरते, पण काही सेक्टर (माहिती साठवण्याचे डिस्कवरील छोटे कप्पे) वाचले जात नाहीत, अशा वेळी दुरुस्तीआधी तिची ‘इमेज’ काढावी, म्हणजे सेक्टरमागून सेक्टर अशी पूर्ण नक्कल दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यावी. डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारा भाग सोडून पुढे जातो, राहिलेल्याची नोंद ठेवतो आणि शेवटी तिकडे परततो. कधी बंद पडेल याचा भरवसा नसलेल्या डिस्कसाठी याहून शहाणा क्रम नाही. याउलट विंडोजमधील चेकडिस्क ही डिस्क तपासण्याची सोय दुरुस्ती करताना मूळ डिस्कवरच फेरफार लिहिते, म्हणून इमेज निघेपर्यंत ती चालवू नये.

फायलींची सूचीच नष्ट झाली असेल, तर फोटोरेक हा प्रोग्रॅम इमेजमधील प्रत्येक फाईल तिच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून ओळखतो. मजकूर हाती येतो, पण फायलींची मूळ नावे व फोल्डर जातात. पुण्यातील मुद्रक-प्रकाशकांच्या जुन्या फायलींबाबत येथे विशेष काळजी घ्यावी लागते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या काळात श्री-लिपीसारख्या प्रणालींत जुळवलेला मराठी मजकूर संबंधित फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि सुस्थितीत मिळालेली फाईलही खराब समजून फेकली जाण्याचा धोका असतो. म्हणून फाँट बसवून पाहिल्याशिवाय अशी एकही फाईल बाद करू नये.

फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या एसएसडीचे वर्तन निराळे आहे. हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाईलची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते व तिथे नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर शाबूत राहतो. एसएसडीत रिकामी झालेली जागा कळवणाऱ्या ‘ट्रिम’ आदेशामुळे ती जागा थोड्याच वेळात खरोखर साफ होऊ शकते. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर पासवर्ड किंवा रिकव्हरी की नसताना पूर्ण उतरलेली इमेजही वाचता येत नाही.