विळा कुठी ठेवला आन् विळा कायले असते

परवा तुराट्या तोडायला विळा पाहिजे म्हणून कोठ्यात गेलो आणि दारातच उभा राहिलो, कशाला आलो तेच आठवेना, बैल माझ्याकडं बघतायत अन् मी बैलांकडं. परत अंगणात आलो, तुराट्या दिसल्या, तेव्हा कुठं आठवलं. आई ओट्यावरून हसली, "साठीच्या आधीच नाठी झाली का रे बाप्पा तुही?"

या साठी बुद्धी नाठीचाच मला राग आहे.

दाराची भानगड सगळ्यांचीच होते. अमेरिकेतल्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २०११ मध्ये प्रयोग करून दाखवलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर माणूस कमी विसरतो, दार ओलांडलं की जास्त. जागा बदलली की मेंदू जुनं पान मिटतो म्हणे. स्टार्टरच्या पेटीची चावी सापडत नाही त्याचं वेगळंच, ती ठेवताना डोक्यात सोयाबीनचा भाव चालू असतो, म्हणजे नोंदच झालेली नसते, सातबाऱ्यावर नाव चढलंच नाही तर खोडणार काय?

आणि नोंद झालेलंही टिकतंच असं नाही. जर्मनीच्या एबिंगहाउसनं बिनअर्थाचे शब्द पाठ करून स्वतःवरच तपासलं, १८८५ साली छापलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं, दिवसभरात दोन तृतीयांशच्या आसपास, मग मात्र गळती मंदावली. कृषी केंद्रवाल्यानं सांगितलेलं फवारणीचं प्रमाण घरी येईस्तोवर का उडतं ते यातच आलं, दुसऱ्या दिवशी परत घोकलं तर राहतं. दिवसभराचं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत, आणि आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताला लाइन येते रात्री, मग झोपेचं खोबरं होणारच ना.

पण शेजारच्या बाबांचं तसं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या पांदणीनं वावरात गेले तिथंच ते चुकले. दहा मिनिटांत तीनदा विचारायचे, "कोनता वार होय आज?" एकदा विळा हातात धरून म्हणाले, हे कायले असते. विळा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि विळा कशाला असतो ते विसरणं वेगळं, आठवण करून दिली तरी आठवत नसेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये. १९०६ मध्ये डॉक्टर अल्झायमरनं जिच्यावरून अल्झायमर हा विसरण्याचा आजार पहिल्यांदा मांडला ती बाई पन्नाशीतली होती, साठी कुठली आली! त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर खराब होतो, नव्या आठवणी तिथंच घडतात, म्हणून बैलजोडी कितीला घेतली ते तोंडपाठ आणि सकाळी जेवलो की नाही ते माहीत नाही.

सगळंच अल्झायमर नसतं पण. थायरॉइड, डिप्रेशन, बी-बारा हे जीवनसत्त्व कमी असणं, यांनीही विसरायला होतं आणि यांना औषध आहे. बी-बारा मुख्यतः मटण, मासे, अंडी, दुधातून मिळतं, त्यामुळं माळकरी घरात दूधही कमी असेल तर तपासून घ्यावंच. आणि म्हातारं माणूस तापात एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना.

बाबांना पोरानं शेवटी तालुक्याला नेलं. बी-बारा कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, फरक किती पडेल ते डॉक्टरही आत्ताच सांगत नाहीत. काल मात्र त्यांनी मला लांबून हाक मारली, माझ्या बापाच्या नावानं.