सातारा हिल हाफ मॅरेथॉन

सातारा शहरातून निघून यवतेश्वर घाट चढणारी आणि त्याच घाटाने खाली परतणारी वार्षिक दौड. पहिली २०१२ साली झाली. आयोजन सातारा रनर्स फाउंडेशनचे. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. एका डोंगरावरील सर्वांत मोठ्या सामूहिक दौडीचा गिनीज विक्रम २०१५ साली तिच्या नावावर लागला.

सपाटीवर हे अंतर सहज कापणाऱ्याचाही इथे वेळेचा अंदाज चुकतो. पेठा संपल्या, समर्थ मंदिराचा परिसर मागे पडला की घाट सुरू होतो आणि वळणामागून वळण चढतच राहतो. जाणते धावपटू पाऊल आखूड ठेवतात, धाप लागली तर चार पावले चालायला लाजत नाहीत. माघारी फिरले की नवख्याला वाटते, सुटलो! पण खरा मार उताराचाच. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार आवरून धरतात. त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना चढताना नव्हे, उतरताना कठडा धरावा लागतो.

दौड पावसाळ्यात, सकाळच्या गारव्यात होते. उन्हाचा ताप नसतो. मात्र भुरभुर पावसाने रस्ता निसरडा होतो आणि धुक्यात पुढचे वळण दिसत नाही. धुके विरळ झाले तर घाटातून अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याचे शहर नजरेत येते. याच किल्ल्यावर १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी बनला. घाटाचा रस्ता पुढे कास पठाराकडे जातो. पश्चिम घाटातील इतर स्थळांसह कास जागतिक वारसा यादीत आले तेही २०१२ मध्येच.

धावण्याची सवय मात्र या भागाला दौडीच्या आधीपासूनची. सैन्यपरंपरेसाठी ओळखले जाणारे अपशिंगे मिलिटरी हे गाव याच जिल्ह्यातले, आणि भरतीची तयारी करणारी पोरे अंधारातच रस्त्यावर उतरतात. महागडे बूट, मनगटावरची घड्याळे हा शहरी थाट नंतरचा. दौडीच्या सकाळी रस्त्याच्या कडेला लेझीम, ढोल-ताशे वाजतात, दारात उभे राहून लोक टाळ्या वाजवतात. अगदी शेवटी येणाऱ्यालाही ‘चला, आलंच आता’ ऐकू येते, मग अजून दोन किलोमीटर का उरलेले असेनात.