टाके सुकले तरी आतलं बांधकाम चालूच असतं

"टाका सुकी ग्यात, आते काय ऱ्हायनं?" ऑपरेशन कुठलंही असो, आमच्या खान्देशात तिसऱ्या आठवड्याला हा प्रश्न येतोच. त्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली असेल तर बघायलाच नको. लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायचे, मांडे करायचे. आणि स्तनात इम्प्लांट बसवून आलेली बाई घट्ट सर्जिकल ब्रा घालून, हात आखडून बसलेली. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला म्हणून इम्प्लांट बसवलं असो की स्वतःच्या हौसेने (नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, शरीरातल्या पेशी कारण विचारत नाहीत), घरच्यांची समजूत एकच असते: ब्रा म्हणजे इम्प्लांट खाली सरकू नये म्हणून दिलेला आधार. हे खरं आहे, पण अर्धंच.

ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या सर्जननी १९६२ साली पहिल्यांदा सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून जेल बदललं, कवच बदललं. शरीर त्याला जे उत्तर देतं ते मात्र बदललेलं नाही, आणि ते मोठं विलक्षण आहे.

इम्प्लांट आत गेलं की मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी ते खायला धावतात. तीनशे मिलिलिटरचा हा ऐवज त्यांच्या आवाक्यातला नसतो. काही पेशी एकमेकींत मिसळून महापेशी बनतात, तरी काही चालत नाही. मग त्या रासायनिक निरोप पाठवतात (त्यातला मुख्य टीजीएफ-बीटा) आणि फायब्रोब्लास्ट पेशी येऊन इम्प्लांटभोवती कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात. जे खाता येत नाही त्याला कुंपण घालायचं, असा हा हिशोब. सुरुवातीचं कोलॅजन तिसऱ्या प्रकारचं, कच्चं. पुढे त्याची जागा पहिल्या प्रकारचं घेतं, आणि लायसिल ऑक्सिडेज हे विकर धाग्याधाग्यांत आडव्या गाठी मारतं. तयार होते ती इम्प्लांटभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल. ती प्रत्येकीत होते. तो आजार नव्हे.

आता वेळेचं गणित. तिसऱ्या आठवड्यात जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम एक पंचमांश असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांवर पोचते, आणि पूर्ववत कधीच होत नाही. म्हणजे वरचे टाके सुकलेले दिसतात तेव्हा आतलं काम कच्चं असतं. स्लॅब ओतल्यावर सेंट्रिंग लगेच काढत नाहीत, तसंच ब्राचं आहे. पिशवी विणली जात असताना इम्प्लांट जागेवर स्थिर ठेवायचं, एवढं तिचं काम. ते सरकत राहिलं तर पिशवी तशीच सैल किंवा वाकडी पक्की होते.

मांड्यांचा मुद्दा इथेच येतो. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि उलट्या खापरावर टाकायची, यात छातीचा मोठा स्नायू सारखा आवळला जातो. इम्प्लांट त्या स्नायूखाली असेल तर प्रत्येक आवळणीत ते बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. पाटा-वरवंटा, हातपंप, धुणं पिळणं, सगळ्यात तोच स्नायू. म्हणून यंदाचे मांडे जावेने करावेत.

बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे रात्रंदिवस ब्रा घालायला सांगतात. पुढून हूक, रुंद पट्टा, तार नाही. तार नेमकी स्तनाखालच्या घडीत रुतते आणि बऱ्याचदा टाकेही तिथेच असतात. आखाजीच्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ब्राचे दोन-तीन जोड हवेत. घामेजली की बदलायची, घडी कोरडी ठेवायची.

आता कोलॅजनची काळी बाजू. काही फायब्रोब्लास्ट रूप बदलून मायोफायब्रोब्लास्ट होतात. त्यांच्यात स्नायूसारखे आकुंचनाचे तंतू असतात. त्या पिशवी ओढतात, पिशवी ताठरते. त्या ताणाने साठवलेलं टीजीएफ-बीटा मोकळं होतं आणि आणखी मायोफायब्रोब्लास्ट तयार होतात. चक्रच. आतलं आकारमान कायम आणि वरचं आवरण आवळतंय, म्हणजे भूमितीने उत्तर एकच: गोल. ठरावीक आकारमानाला सगळ्यात कमी पृष्ठभाग गोलाचाच. म्हणून असा स्तन चेंडूसारखा टणक होतो. गंमत म्हणजे टणक झालेलं इम्प्लांट नसतंच. बाहेर काढलं तर ते पूर्वीइतकंच मऊ. बेकर नावाच्या मोजपट्टीवर याचे चार टप्पे आहेत, चौथ्यात दुखतं. हे चक्र चेतवणाऱ्या कारणांत रेडिएशन, आत साठलेलं रक्त आणि त्वचेवरच्या साध्या जिवाणूंचा इम्प्लांटवर बसलेला चिकट थर, ही मोठी.

भरताच्या वांग्याचं नाव या यादीत नाही. 'वांगं वातूळ, भाताने पू होतो' म्हणत बाईला पथ्यावर कोंडणाऱ्या घरात तिची मशेरी मात्र बिनबोभाट चालू असते. खरा घात तिचाच: निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि भरत्या जखमेला प्राणवायू कमी पडतो. उलट कोलॅजनचा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा लिंबू-पेरू खुशाल खा. 'सुडौल' करणाऱ्या तेलांची तर गोष्टच सोडा. मालिशही सर्जनला विचारूनच. खडबडीत कवचाच्या इम्प्लांटमध्ये पेशी पृष्ठभागात रुजलेल्या असतात, ते हलवायचं नसतं.

ताप, लाली, पाणी येणं, एकच बाजू अचानक फुगणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. काही वर्षांनी एक बाजू फुगली तरीही. खडबडीत इम्प्लांटशी जोडलेला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) दुर्मिळ आहे, पण तो बहुधा असाच, भोवती पाणी साठून कळतो. त्यामुळेच एका मोठ्या कंपनीची अशी इम्प्लांट्स २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला आहे की सिलिकॉन इम्प्लांट असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, कारण कवच फुटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही. हौसेने बसवलेल्यांना मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे) चुकत नाही. जाताना तंत्रज्ञाला आधीच सांगायचं. इम्प्लांट छातीकडे मागे सारून, स्तनाची ऊती पुढे ओढून काही जादा फोटो काढावे लागतात.