तेरा मिनिटांचा फरक

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या लोकांनी दिवसभराचा हिशेब दिला. टीव्ही, मोबाइल, खेळ अशा विरंगुळ्यात पुरुषांची रोज सरासरी १७७ मिनिटं जातात, बायकांची १६४. फरक अवघा १३ मिनिटांचा. त्याच पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात २८९ मिनिटं घालवतात, पुरुष मात्र ८८. मग बायकांना विरंगुळ्याला इतका वेळ उरतो कुठून?

पुरुष कमाईच्या कामात जास्त वेळ असतात, हे एक कारण आहेच. मला मात्र मोजण्याची पद्धत जास्त बोलकी वाटते. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने भरले जातात, आणि एका रकान्यात एकाहून जास्त कामं असतील तर किमान दहा मिनिटं चाललेलीच नोंदली जातात. आता साडेसात ते आठ मालिका बघत बसलेली एखादी गृहिणी घ्या. मधेच उठून तिने कुकर बंद केला, सासऱ्यांना गोळ्या दिल्या, धाकट्याला पाढे विचारले. प्रत्येक काम दोन-तीन मिनिटांचं. रकान्यात काय पडणार? टीव्ही, अर्धा तास! (मेथी निवडत बघितली असती तर निदान तेवढी नोंद झाली असती.)

ऑस्ट्रेलियात मायकेल बिटमन आणि जूडी वाजक्मन या समाजशास्त्रज्ञांनी २००० साली नेमकं हेच तपासलं. एकूण मोकळा वेळ स्त्री-पुरुषांचा जवळपास सारखाच निघाला. पण सलग, विनाव्यत्यय वेळ पुरुषांकडे जास्त होता. बायकांचा वेळ तुकड्यातुकड्यांचा, आणि बऱ्याचदा मुलं सोबत.

तुकडा केवढा, यावर छंदही ठरतो. बॅडमिंटनला, पोहायला किंवा तालमीला घराबाहेर सलग तासभर लागतो. मालिका आणि मोबाइल कुठेही सोडून उठता येतं. त्यामुळे ‘बायकांना मालिकाच आवडतात’ हे ऐकलं की मी आवडीआधी घड्याळाकडे बघते.

शिवाय त्या १६४ मिनिटांच्या सरासरीत शाळकरी मुली आणि आज्याही आल्या. १५ ते ५९ वयाच्या बायकांचं घरकाम ३०५ मिनिटांचं आहे, म्हणजे त्या २८९ हूनही जास्त.