संगणकाच्या अकारण क्रॅशचे निदान

काम चालू असताना घरचा संगणक एकाएकी थिजतो, निळा पडदा दाखवतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि वरकरणी कारण दिसत नाही, तेव्हा त्या बिघाडाचे मूळ शोधण्याची ही पद्धत. दोष बहुधा रॅम, वीजपुरवठा (एसएमपीएस), उष्णता, डिस्क किंवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) यांपैकी कशात तरी असतो. मदरबोर्ड आणि प्रोसेसर त्या मानाने क्वचित. खरी अडचण अशी की क्रॅश ठरलेल्या वेळी होत नाही. त्यामुळे काहीही बदलले तरी चार दिवस बरे गेले की तोच उपाय लागू पडला असे वाटते. एका वेळी एकच बदल करणे आणि प्रत्येक क्रॅशच्या वेळी काय चालू होते ते लिहून ठेवणे हा या कामाचा पाया आहे. सुरुवातीलाच विंडोज नव्याने टाकणे टाळावे. दोष हार्डवेअरचा असेल तर मेहनत वाया जातेच, शिवाय जुन्या नोंदीही पुसल्या जातात.

विंडोजमधील घटनांच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला की ‘कर्नल-पॉवर ४१’ ही गंभीर खुणेची नोंद हमखास दिसते आणि नावातल्या ‘पॉवर’मुळे अनेकजण थेट एसएमपीएस बदलतात. ही नोंद क्रॅशनंतर संगणक पुन्हा सुरू होताना लिहिली जाते. मागच्या वेळी यंत्रणा रीतसर बंद झाली नव्हती, एवढेच ती सांगते. घरातली वीज गेली तरी तीच उमटते. उपयोगाचा भाग तिच्या तपशिलात असतो. तेथे ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्यामागच्या त्रुटीचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला त्रुटी नोंदवायला अवधीच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र पूर्ण गोठले. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीतला असतो. उदाहरणार्थ २९२ म्हणजे षोडशमान पद्धतीतला १२४, आणि हा कोड हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या दोषाचा आहे.

निळा पडदा आला असेल तर विंडोजच्या फोल्डरातील ‘मिनिडम्प’मध्ये सहसा क्रॅशच्या क्षणाची माहिती असलेली एक लहान ‘डम्प’ फाइल राहते. मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘विनडीबीजी’ ती वाचून एखाद्या ड्रायव्हरचे नाव पुढे करते. एका फाइलवर विसंबू नये. चार-पाच जमू द्याव्यात. दर वेळी एकच ड्रायव्हर निघत असेल तर तो काढून किंवा जुनी आवृत्ती टाकून पाहावे. दर वेळी वेगळे नाव आणि वेगळा कोड असेल तर संशय रॅमवर जातो. रॅममधील एखादा बिट चुकीचा वाचला गेला की त्या क्षणी तिथे ज्याचा डेटा असेल तो कार्यक्रम कोलमडतो आणि नाव त्याचे लागते.

रॅम तपासण्यासाठी ‘मेमटेस्ट८६’ हे साधन १९९४ पासून वापरात आहे. ते पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते. त्यात एकही त्रुटी क्षम्य नाही. मात्र एका फेरीत काही सापडले नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, रात्रभर चालू ठेवावे. त्याआधी बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधील) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पाहावे. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमचे प्रमाणित वेग सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफरपर्यंतच आहेत. ३६०० चा संच त्या मर्यादेपलीकडे चालवलेला असतो आणि प्रत्येक प्रोसेसरला तो झेपतोच असे नाही. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून तपासावी, नाहीतर दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळत नाही.

गेम सुरू होताच संगणक बंद पडतो आणि डम्प फाइल मागे राहत नाही, तेव्हा एसएमपीएस पाहावा. एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टच्या वाहिनीवर साधारण ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभर जादा वीज ओढते तेव्हाचा खड्डा साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. खात्रीचा एसएमपीएस लावून पाहणे हीच भरवशाची चाचणी. जुना मात्र उघडू नये, त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

उष्णतेवर आळ फार लवकर येतो. आजचे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी वेग कमी करतात, त्यानंतरही तापमान वाढले तरच बंद पडतात. डिस्कचा संशय असेल तर आधी बॅकअप घ्यावा, मग स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या) बदललेले आणि प्रलंबित सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले व संशयास्पद भाग, वाढताहेत का ते पाहावे.

संशयाच्या यादीत शेवटी येणारा प्रोसेसरही कधी दोषी निघतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि पडद्यावर व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई. साहजिकच दोष ग्राफिक्स कार्डावर जाई. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच झिजत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, बायोसमार्फत सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या मायक्रोकोडने पुढची झीज आवरते. आधीच बिघडलेला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.