राजभवन, मुंबई

महाराष्ट्राच्या राज्यपालांचे अधिकृत निवासस्थान. मलबार टेकडीच्या दक्षिण टोकावरील, तीन बाजूंनी अरबी समुद्राने वेढलेल्या सु. ५० एकरांच्या भूशिरावर ते वसले आहे. एका आराखड्याने उभारलेला हा प्रासाद नसून वेळोवेळी वाढत गेलेल्या बैठ्या बंगल्यांचा समूह आहे. या रचनेचे कारण वास्तूच्या इतिहासात शोधावे लागते, कारण मुंबईच्या गव्हर्नरांचे मुख्य निवासस्थान दीर्घकाळ येथे नव्हे, तर परळ येथे होते.

परळच्या वास्तूच्या उगमाविषयी एकमत नाही. ती मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती धर्मस्थान होती, हे सर्वमान्य आहे. मात्र ते जेझुइटांचे की फ्रान्सिस्कनांचे (दोन्ही रोमन कॅथलिक धर्मसंघ), हा वाद आहे. जेझुइट पक्षाचा आधार असा, की मुंबई बेटावर त्यांच्या मोठ्या जमिनी होत्या आणि १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने केलेल्या स्वारीच्या वेळी त्याला साहाय्य केल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्या जप्त केल्या. दुसऱ्या मतानुसार हा फ्रान्सिस्कनांचा मठ होता आणि तो सतराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात पूर्ण झाला. जमीन जेझुइटांकडे असली, तरी तेवढ्यावरून तीवरील प्रार्थनामंदिरही त्यांचेच ठरत नाही. त्यामुळे दुसरे मत पूर्णपणे डावलता येत नाही. ही वास्तू गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या काळात, सु. १७२० मध्ये, सरकारजमा झाली असे सामान्यतः मानतात. एका पारशी व्यापाऱ्याकडून ती विकत घेतल्याचीही एक हकिकत सांगितली जाते, परंतु ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे निर्देश करीत असल्याने बून यांच्या काळाशी जुळत नाही. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्यापासून (कार. १७७१–८४) परळला नियमित वास्तव्य सुरू झाले. जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती कायम ठेवूनच तेथे भोजनदालन व त्यावर नृत्यदालन करण्यात आले होते.

मलबार पॉइंटला, म्हणजे आजच्या राजभवनाच्या भूशिरावर, गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांनी (कार. १८१९–२७) एक लहान बंगला बांधला. त्यांच्यानंतरचे जॉन माल्कम यांनी कोटातील (मुंबईच्या जुन्या किल्ल्यातील) सरकारी निवासस्थान कचेऱ्यांना देऊन हा बंगला वाढविला. तरीही पुढील सु. पन्नास वर्षे तो उन्हाळ्यापुरताच वापरात राहिला. पावसाळ्यासाठी पुण्यात गणेशखिंडीला स्वतंत्र निवासस्थान बांधले गेले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच.

गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे १८८२ मध्ये परळ येथे पटकीने (कॉलऱ्याने) निधन झाले व १८८५ मध्ये निवास कायमचा मलबार पॉइंटला हलला. स्थलांतराचे कारण म्हणून बहुधा एवढेच नमूद केले जाते. तथापि सभोवती वाढलेल्या कापडगिरण्या, त्यांचा धूर व दाट वस्ती यांमुळे परळचे आकर्षण आधीच ओसरले होते. म्हणून या मृत्यूला निमित्त मानणे अधिक योग्य वाटते. १८९६ मधील प्लेगच्या साथीनंतर परळची वास्तू रुग्णालयासाठी वापरली गेली. १८९९ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा तेथे आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

जागा बदलली, तरी नव्या ठिकाणी भव्य प्रासाद उभा राहिला नाही. उन्हाळी बंगल्यालाच रुंद व्हरांडे, दालने आणि पाहुण्यांसाठी स्वतंत्र बंगले जोडले गेले. समुद्राचा वारा आत खेळावा, या गरजेने हा विस्तार घडला असून कोणत्याही एका शैलीचे नाव त्याला देता येत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात येथील वास्तूंना जलभूषण (राज्यपालांचे निवासस्थान), जलविहार, जलचिंतन, जलकिरण अशी नावे रूढ झाली. भूशिराच्या टोकाशी श्रीगुंडी नावाच्या, खडकातील चिरेतून (फटीतून) पार झाल्यास पापक्षालन होते, अशी श्रद्धा होती. कान्होजी आंग्रे यासाठी येथे आल्याची आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा आढळत नाही.

राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या कार्यकाळात, ऑगस्ट २०१६ मध्ये, आवारात सु. १५० मी. लांबीचे, तेरा खोल्यांचे भुयार उघडण्यात आले. खोल्यांवरील काडतूस-कोठार, तोफगोळे अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्यांवरून तोफखान्याशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट होतो. जून २०२२ मध्ये तेथे क्रांतिकारकांविषयीचे दालन सुरू झाले. त्याच वेळी पुनर्बांधणी केलेल्या जलभूषणचेही उद्‌घाटन झाले.