हार्ड डिस्क अडखळते तेव्हा: दोष तबकडीत की केबलमध्ये?

फोंड्याच्या आमच्या भजनी मंडळाचा जुना संगणक यंदा चतुर्थीच्या तोंडावर अडखळू लागला. एका गौळणीची फाइल उघडली की सगळं गोठायचं आणि मिनिटभराने 'वाचता येत नाही' असा निरोप यायचा. पेटीवाले काका म्हणाले, "चेकडिस्क चालव रे, होईल सरळ." चेकडिस्क म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. मी म्हटलं, "काका, आधी तपासू. दुरुस्ती मागाहून."

घाई का नको? तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते आणि वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माहिती असते सेक्टरांत, 512 किंवा 4,096 बाइट्सच्या. प्रत्येक सेक्टरसोबत चूक सुधारणारा संकेत असतो. थोडी खराबी त्याने भरून निघते. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, म्हणून संगणक गोठतो. शेवटी ती हात टेकते आणि तो सेक्टर 'प्रलंबित' म्हणून नोंदवते.

ही नोंदवही म्हणजे स्मार्ट. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने ती वाचता येते. क्रमांक 197 म्हणजे प्रलंबित सेक्टर, 5 म्हणजे खराब म्हणून बदली दिलेले, 199 म्हणजे केबलमधून येता-जाता झालेल्या चुका. हे दोन्ही शून्य आणि 199 मात्र वाढतोय, तर तबकडी बहुधा निर्दोष. माहिती केबलमधून येताना बिघडते आहे. केबल बदला. जुना आकडा पुसला जात नाही, पण वाढायचा थांबतो. क्रमांक 1 चा अवाढव्य आकडा पाहून मात्र घाबरू नका, काही कंपन्यांच्या डिस्कवर तो नेहमीच तसा दिसतो.

आमच्याकडे 199 शून्य आणि 197 समोर 10. क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात षोडशमान पद्धतीने (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून) दाखवतं, म्हणजे खरे 16. दोष तबकडीतच होता.

अशा डिस्कवर चेकडिस्क चालवणं मला धोक्याचं वाटतं. ते फाइलींची मांडणी सुधारतं, त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहितं. म्हणून लिनक्सवरून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड शेवटी, आणि कुठवर आलो याचा नकाशा ठेवतं. पावसात दोनदा वीज गेली, तरी काम पुढे तिथूनच सुरू झालं.

16 सेक्टर हाती लागले नाहीत: 8,192 बाइट्स. गौळणीत अर्ध्या सेकंदाची शांतता आहे. काकांना ती जागा बरोबर ऐकू येते.